मुरमांच्या पेशंटला पाळीचे कोण विचारणार?

नाशिकच्या द्वारका चौकात सकाळी सात-साडेसातला उभे राहिले की एक दृश्य रोज दिसते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता इथे एकमेकांना भेटतात. काठे गल्लीकडून, वडाळा नाक्याकडून, टाकळी रोडवरून आलेल्या मुली आणि बायका कंपनीच्या बससाठी किंवा रिक्षासाठी थांबलेल्या असतात, काही स्कूटीवर सिग्नल सुटण्याची वाट पाहत असतात. बहुतेकींच्या चेहऱ्याला स्कार्फ घट्ट गुंडाळलेला, डोळे तेवढे उघडे. कारण विचारले तर ऊन, धूळ, धूर. ते खरेही आहे. पण त्यांच्यातल्या काहीजणी कामावर पोचल्यावरही स्कार्फ सोडायला नाखूश असतात. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने उठलेली, दुखरी, खोलवर गाठीसारखी लागणारी मुरमे त्यांना झाकायची असतात. आणि त्यांचे वय सोळा-सतरा नसते. अठ्ठावीस असते, बत्तीस असते, कधी अडतीसही.

या त्रासाला मराठीत ‘तारुण्यपीटिका’ असा भारदस्त शब्द आहे आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. सुश्रुतसंहितेत ‘मुखदूषिका’ या नावाने याचे वर्णन आहे. सावरीच्या काट्यांसारख्या, तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या पुळ्या, असे. निरीक्षण अचूक आहे, पण तरुणपणाशी बांधलेली ती गाठ अजून सुटलेली नाही. सोळाव्या वर्षी मुलीला सांगतात, “वयच आहे.” बाविसाव्या वर्षी, “लग्न झाले की जातील.” सव्विसाव्या वर्षी, “एक मूल होऊ दे, अंग सुधारेल.” तिशी ओलांडली की सांगण्यासारखे काही उरत नाही, मग सगळे खापर ‘उष्णते’वर फुटते. द्राक्षांच्या हंगामात नाशिकच्या घराघरांत हा निदानाचा कार्यक्रम चालतो. द्राक्षे बंद, आंबा बंद, सब्जा भिजत घातला, गुलकंद आणला. पंचविशीनंतर टिकून राहिलेली किंवा पंचविशीनंतरच प्रथम उगवलेली मुरमे हा वेगळा विचार मागणारा आजार आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

पहिला सल्ला बहुधा मेडिकल दुकानाच्या काउंटरवर मिळतो. “दादा, पिंपल्सवर काहीतरी द्या ना.” दादा एक छोटी ट्यूब देतो. तीत अनेकदा तीन औषधे एकत्र असतात. रंग उतरवणारे एक, त्वचेचा थर सोलणारे एक आणि तिसरे स्टेरॉइड. आठ दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसू लागतो. मैत्रिणी विचारतात, काय लावतेस? ट्यूबचे नाव ऑफिसभर पसरते. दोन-तीन महिन्यांनी त्वचा पातळ होते, उन्हात गेले की चेहरा भाजल्यासारखा लाल होतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मुरमे पूर्वीपेक्षा जास्त जोमाने येतात. ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून ती पुन्हा सुरू होते. देशातल्या १२ केंद्रांवर त्वचाविकाराच्या बाह्यरुग्णांची पाहणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याचे विकार असलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइडचे मलम लावत होते. त्यातले जवळपास चौथा हिस्सा ते मुरमांसाठीच लावत होते, आणि त्या मलमाचा सर्वांत जास्त दिसलेला दुष्परिणाम मुरमे हाच होता. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. यादी कागदावर आहे. ट्यूब काउंटरवर आहे.

पण समजा त्या बत्तीस वर्षांच्या बाईला ही ट्यूब मिळाली नाही आणि ती नीट डॉक्टरकडे गेली. तरीही खूपदा चुकते. मुरमे चेहऱ्यावर आहेत म्हणून चेहराच पाहिला जातो. पाळी किती दिवसांनी येते, हे विचारले जात नाही.

तो प्रश्न का विचारायचा, हे समजायला थोडे आत शिरावे लागते. स्त्रीच्या शरीरातही पुरुषी संप्रेरके असतात, हे ऐकून अनेकींना धक्का बसतो. ती थोडी असतात आणि ती लागतातही. अंडाशय आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ती तयार करतात. त्वचेतली तैलग्रंथी रक्तातून आलेले टेस्टोस्टेरॉन घेते आणि त्याचे आणखी जोरदार रूप स्वतःच बनवते. तेल जास्त स्रवते, छिद्राच्या तोंडाशी पेशी चिकटून बूच बसते, आत कोंडलेल्या तेलावर नेहमीचेच जंतू वाढतात आणि सूज येते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मुरमे वाढतात, हे प्रत्येकीच्या अनुभवाचे आहे. त्यामागे हेच चढउतार असतात.

आता या गोष्टीत इन्शुलिन येते. इन्शुलिन म्हणजे साखरेचे औषध एवढेच आपल्या डोक्यात असते, पण शरीरात ते बऱ्याच ठिकाणी हुकूम सोडत असते. पोटाभोवती चरबी साठली, झोप तुटली, दिवसभर बसून काम झाले की स्नायू आणि यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडते. साखरेचा रिपोर्ट वर्षानुवर्षे नॉर्मल दिसतो, कारण स्वादुपिंड जादा मेहनत करून तो नॉर्मल ठेवत असते. हे वाढलेले इन्शुलिन अंडाशयाला सांगते, टेस्टोस्टेरॉन जास्त कर. तैलग्रंथीलाही ते आणि त्याचा भाऊबंद असलेला वाढीचा घटक चिथावणी देतात. आणि यकृतात ते एक वेगळीच करामत करते. यकृत एक प्रथिन तयार करते, त्याचे काम रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवायचे. खुंट्याला बांधलेले जनावर शेतात शिरू शकत नाही, तसे बांधलेले टेस्टोस्टेरॉन पेशीत शिरू शकत नाही. इन्शुलिन वाढले की यकृत हे खुंटेच कमी बनवते. जनावरे तितकीच, पण मोकाट सुटलेली जास्त. म्हणून कित्येकदा रक्तातले एकूण टेस्टोस्टेरॉन तपासले तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि बाईला सांगितले जाते, “तुमचे हार्मोन्स एकदम ठीक आहेत.” ठीक असतात ते मोजलेले. मोकाट सुटलेले त्या तपासणीत वेगळे दिसत नाहीत, आणि ग्रंथीने स्वतःच्या आत काय बनवले ते कोणत्याच नेहमीच्या रिपोर्टात येत नाही.

ही सांगड नवी नाही. १९२१ मध्ये पॅरिसच्या अशार आणि तिएर या दोन डॉक्टरांनी दाढी येणाऱ्या बायकांच्या मधुमेहाचे वर्णन केले होते. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थॉल यांनी पाळी न येणाऱ्या, अंडाशय मोठे झालेल्या सात स्त्रियांची नोंद केली. आज ज्याला पीसीओएस आणि बोलीत पीसीओडी म्हणतात, त्याची कहाणी तिथून सुरू होते. या दोन टोकांना जोडणारा इन्शुलिनचा धागा १९८० पर्यंत कोणी नीट पकडला नव्हता. साठ वर्षे मधुमेहाचा डॉक्टर साखर पाहत राहिला आणि स्त्रीरोगाचा डॉक्टर अंडाशय. त्वचेचा डॉक्टर चेहरा पाहत होता. आजही बहुतेक मोठ्या इस्पितळांत हे तिघे तीन मजल्यांवर बसतात.

यावर एक हमखास प्रश्न येतो. “पण ती तर बारीक आहे.” खरे आहे, आपल्याकडच्या अशा अनेकजणी वजनाच्या काट्यावर बारीकच असतात. याचे उत्तर पुण्यात सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा माग ठेवला. इथली बाळे जन्मतः वजनाने कमी, पण चरबीच्या प्रमाणात तितकी कमी नसतात, हे त्यांनी दाखवले. २००४ मध्ये त्यांचा आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कोष्टकाप्रमाणे दोघेही सडपातळ. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हा फोटो प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. बीएमआय पाहून ज्या मुलीला “वजन ठीक आहे” असे सांगून परत पाठवले जाते, तिच्या कमरेभोवती टेप फिरवला तर कधी कधी वेगळेच उत्तर येते. ८० सेंटिमीटरच्या पुढची कंबर ही भारतीय बाईसाठी सूचना समजावी.

टेपइतकीच बोलकी असते मान. मानेच्या मागे, काखेत त्वचा काळी, जाड, मखमलीसारखी झालेली असते, कधी बारीक चामखिळी लोंबत असतात. वाढलेल्या इन्शुलिनची ही अगदी साधी, डोळ्यांना दिसणारी खूण. घरात मात्र त्याचा अर्थ मळ असा होतो. “मान नीट घासत जा” म्हणत आया मुलींच्या माना दगडाने, बेसनाने, लिंबाने घासतात. घासून घासून त्वचा आणखी जाड होते. ही खूण असलेल्या मुलीला साबण नको, साखरेची तपासणी हवी.

इथपर्यंत वाचून कोणी उद्या सकाळी थेट सोनोग्राफीला जाऊन उभे राहू नये. कारण दुसऱ्या बाजूचा गोंधळही तितकाच मोठा आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वर्षांच्या मुलींची वस्तीत जाऊन पाहणी केली होती, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका प्रचलित निकषाने बघितले तर २२.५ टक्के मुलींना पीसीओएस होता. दुसऱ्या, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे असायलाच हवीत म्हणणाऱ्या निकषाने बघितले तर १०.७ टक्के. मुली त्याच, शहर तेच, महिना तोच. निकष बदलल्याबरोबर निम्म्याहून जास्त मुली आजारी ठरायच्या थांबल्या. सोनोग्राफीत अंडाशयावर दिसणारे बारीक फुगे म्हणजे गाठी नव्हेत, अर्धवट वाढून थांबलेली ती बीजे असतात, आणि कोवळ्या वयात ती बऱ्याच निरोगी मुलींत दिसतात. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी किशोरवयात निदानासाठी सोनोग्राफी वापरू नका असे सांगितले. प्रौढ स्त्रीची पाळी अनियमित आहे आणि पुरुषी संप्रेरकांची लक्षणेही आहेत, तर सोनोग्राफीशिवाय निदान होते असेही सांगितले. तरी मुरमे घेऊन आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात पहिल्याच दिवशी सोनोग्राफीची चिठ्ठी पडते आणि संध्याकाळी ‘पीसीओडी’ असे छापलेला कागद घरी येतो.

त्या कागदाचे पुढे काय होते, हे कोणत्याही विवाह मंडळात बसलेल्या माणसाला विचारावे. तो कपाटात साड्यांच्या घडीखाली जातो. मुलीला मूल होणार नाही असा अर्थ आई काढते, वडिलांना सांगायचे नाही असे ठरते, स्थळ येते तेव्हा विषय निघत नाही आणि पुढची तपासणी लग्नानंतर दोन वर्षांनी, मूल का होत नाही म्हणून होते. वास्तविक पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना मुले होतात, काहींना औषधाची मदत लागते. कपाटात दडवलेल्या त्या कागदामुळे मात्र मधल्या वर्षांत साखर, रक्तदाब, पाळी यांच्याकडे कोणी पाहत नाही. आजारापेक्षा शिक्का जास्त नुकसान करतो तो असा.

तेव्हा प्रमाण सांभाळायला हवे. मोठ्या वयात मुरमे असलेल्या बहुतेक स्त्रियांची पाळी नियमित असते आणि रक्तातली संप्रेरकेही नॉर्मल असतात. नुसती मुरमे हा पीसीओएसचा कच्चा पुरावा आहे. हनुवटीवरचे राठ केस हा त्याहून पक्का. पण तो पुरावा डॉक्टरच्या टेबलापर्यंत पोचतच नाही, कारण बाई आदल्या दिवशी थ्रेडिंग करून आलेली असते. “पार्लरला किती दिवसांनी जावे लागते, आणि पूर्वी किती दिवसांनी जायचात?” हा प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकात असो नसो, रक्ताच्या तीन तपासण्यांइतका उपयोगी आहे. त्याच्यासोबत पाळीचा. एकवीस दिवसांच्या आत किंवा पस्तीस दिवसांच्या पुढे येते का, वर्षात आठपेक्षा कमी वेळा येते का. आई-वडिलांना, भावंडांना साखर आहे का. बाळंतपणात साखर वाढली होती का. आणि सध्या कोणत्या गोळ्या, इंजेक्शने, पावडरी चालू आहेत.

शेवटचा प्रश्न सोडू नये. क्षयाच्या उपचारातले आयसोनियाझिड, फिट्सवरचे फेनिटॉइन, मनोविकारातले लिथियम यांनी मुरमांसारखे पुरळ येते. फक्त प्रोजेस्टेरॉन गटाचे संप्रेरक असलेली काही गर्भनिरोधके काहीजणींत मुरमे वाढवतात. जिममध्ये सुचवलेली व्हे प्रोटीनची पावडर वाढवते. अंग भरण्यासाठी म्हणून गुपचूप घेतलेल्या गोळ्यांत आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते, तेव्हा छाती-पाठीवर एकाच आकाराच्या पुळ्यांचे पीक येते. आणि एक गोष्ट घाईने बघायची. काही महिन्यांतच भराभर केस आले, आवाज घोगरा झाला, पाळी थांबली, तर अंडाशयाची किंवा अधिवृक्क ग्रंथीची गाठ नाही ना, हे तातडीने तपासावे लागते. असे क्वचित होते, पण तेव्हा मलमात महिने घालवणे परवडत नाही.

पाळीचा प्रश्न महत्त्वाचा आहे तो केवळ मुरमांसाठी नाही. तीन-तीन महिने पाळी न येणे ही ‘कटकट टळली’ म्हणून सोडायची गोष्ट नव्हे. बीज सुटत नाही तेव्हा गर्भाशयाचे अस्तर झडल्याशिवाय जाड होत राहते आणि वर्षानुवर्षे असे चालले तर त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. पीसीओएस असलेल्या स्त्रीला पुढे मधुमेहाचा, गरोदरपणात साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. म्हणून याच मार्गदर्शक तत्त्वांनी वय आणि वजन काहीही असो, निदान झालेल्या प्रत्येकीची ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर पाहण्याची तपासणी करा आणि ती एक ते तीन वर्षांनी पुन्हा करा असे म्हटले आहे. नुसती उपाशीपोटीची साखर इथे फसवते. गंमत अशी की ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर मोजण्याची पद्धत सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांसाठी माहितीची आहे. पुडी आहे, यंत्र आहे, सिस्टरांचा हात बसलेला आहे. गरोदर नसलेल्या बाईला ती पुडी कोणी देत नाही.

आहाराविषयी आता थोडे, कारण सगळ्यात जास्त बोलणे त्यावरच होते आणि बरेचसे चुकीचे होते. तेलकट खाल्ले की तेल चेहऱ्यावर येते, असे काही नसते. रविवारची मिसळ ही नाशिककरांची श्रद्धा आहे आणि मटकीच्या उसळीने कोणाचा चेहरा बिघडत नाही. बिघडवतात त्याबरोबरचे चार पाव, वरची जिलेबी आणि दिवसभरातले पाच-सहा गोड चहा. ज्या पदार्थांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते, ते इन्शुलिनही झपाट्याने चढवतात. कॉर्डेन आणि सहकाऱ्यांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरच्या १,२०० लोकांची त्वचा तपासली होती, तर मुरूम एकालाही नव्हते. ते कंदमुळे, फळे, मासे, नारळ खातात. मैदा आणि साखर जवळपास नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा किती, हे त्यावरून ठरत नाही. २००७ मध्ये मेलबर्नला १२ आठवडे साखर हळू चढवणारा आहार देऊन केलेल्या प्रयोगात मुरमे कमी झाली, पण तो प्रयोग ४३ तरुण मुलांवर होता, बायकांवर नाही. म्हणजे दिशा बरोबर वाटते, चमत्कार नाही. दुधाचा संबंधही काही पाहण्यांत दिसला आहे, पण घरचे ताक-दही बंद करण्याइतका तो भक्कम नाही.

आपल्याकडे एका गोष्टीकडे मात्र कोणी पाहत नाही. ती म्हणजे उपवास. मंगळवार, संकष्टी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. सकाळी गोड चहा, दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी बटाट्याचे वेफर्स, रात्री केळी. साबुदाणा हा जवळपास निव्वळ पिष्ट. ‘हलके खाल्ले’ म्हणून समाधान, आणि स्वादुपिंडाला दिवसभर ओव्हरटाइम. उपवास सोडायला सांगितले तर बाई पुन्हा ओपीडीत येणार नाही. साबुदाणा कमी करून भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी, दही, राजगिरा घ्या असे सांगितले तर ऐकते. जेवणात भाकरी-पोळीच्या बरोबरीने उसळ, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालणे, आणि झोप. कंपनीच्या बसने पहाटे निघून रात्री स्वयंपाक आटोपून झोपणाऱ्या बाईला ‘ताण कमी करा, सात तास झोपा’ म्हणणे सोपे आहे. त्यासाठी घरातल्या इतर माणसांनी काय करायचे, ते मात्र चिठ्ठीवर लिहिण्याची पद्धत नाही. वजन जास्त असेल तर पाच टक्के उतरले तरी पाळी सुधारू लागते, पंधरा किलोंची भीती घालण्याचे कारण नाही.

औषधे आहेत, चांगली आहेत आणि बरीचशी स्वस्तही आहेत. रात्री लावायचे ॲडॅपलिन, सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा ॲझेलाइक ॲसिड. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे आधी सांगितले नाही तर तिसऱ्या आठवड्यात बाई पुन्हा जुन्या ट्यूबकडे वळते. नुसत्या प्रतिजैविकांवर महिने काढणे चूक, जंतू त्याला दाद देईनासे होतात. पुरुषी संप्रेरकांचा परिणाम अडवणारे स्पायरोनोलॅक्टोन हे रक्तदाबाचे जुने औषध आहे. ब्रिटनमध्ये ४१० स्त्रियांवर झालेली त्याची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि चोवीस आठवड्यांनी फरक स्पष्ट होता. ते गरोदरपणात चालत नाही. आयसोट्रेटिनॉइन तर गर्भाला व्यंग आणणारे औषध, त्याच्या चालू काळात आणि बंद केल्यावर निदान महिनाभर गर्भ राहता कामा नये. ही दोन्ही औषधे शेजारणीच्या चिठ्ठीवरून घेण्याची नव्हेत. मेटफॉर्मिन साखर आणि पाळीसाठी उपयोगी, पण एकटे ते मुरमांचे औषध नाही.

राहिल्या गर्भनिरोधक गोळ्या. इस्ट्रोजेन असलेली गोळी अंडाशयाचे टेस्टोस्टेरॉन कमी करते आणि यकृताला खुंटे वाढवायला लावते, म्हणजे नेमके हवे ते काम करते. पाळी आणते, अस्तर सांभाळते. सरकारी केंद्रात फुकट मिळणारी ‘माला-एन’ याच जातीची आहे. रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्या, डोळ्यांपुढे चमकणारी अर्धशिशी किंवा पस्तिशीनंतर धूम्रपान असेल तर ती नको, एवढे तपासून ती देता येते. पण लग्न न झालेल्या मुलीच्या पर्समध्ये माला-एनचे पाकीट सापडले तर घरात काय होईल, या भीतीने ती नाकारली जाते. काही डॉक्टर त्याच भीतीने लिहितही नाहीत. पाकिटावरच्या नावापेक्षा कशासाठी दिली ते केसपेपरवर स्पष्ट लिहून, आईसमोर दोन मिनिटे समजावून सांगितले तर बऱ्याच घरांत हे पटते.

ती दोन मिनिटे कुठून आणायची, हा खरा प्रश्न आहे. सरकारी त्वचारोग ओपीडीत दारापर्यंत रांग, टेबलाभोवती चार पेशंट, त्यात तिचे सासरे किंवा भाऊ सोबत. अशा ठिकाणी मोठ्या आवाजात “पाळी कधी आली होती?” विचारले तर बाई “नियमित आहे” असेच म्हणणार. हा प्रश्न विचारायला एक पडदा, एक स्टूल आणि एक सिस्टर लागते. सिस्टरने केसपेपर काढतानाच पाळीची तारीख, कंबर, रक्तदाब आणि घरातली साखर लिहून ठेवली तर डॉक्टरचे अर्धे काम झालेले असते. याला नवे यंत्र, नवी इमारत, नवी योजना लागत नाही.

योजनांचे बोलायचे तर एक जागा मोकळी राहिली आहे. २०१४ पासून चालू असलेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना पाहतो. मधुमेह-रक्तदाबाची सार्वत्रिक तपासणी तिशीपासून सुरू होते. मधल्या दहा वर्षांत सरकारी यंत्रणा बाईला मुख्यतः गरोदर झाली की मोजते. आणि नेमकी हीच ती वर्षे, ज्यांत मुरमे टिकतात, पाळी लांबते, कंबर वाढते. महाराष्ट्राने २६ सप्टेंबर २०२२ पासून, नवरात्रात, अठरा वर्षांवरच्या सगळ्या स्त्रियांची तपासणी करण्याचे अभियान घेतले, ते चांगलेच होते. त्याचे नाव मात्र ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. द्वारकेच्या चौकातल्या सत्तावीस वर्षांच्या अविवाहित मुलीला हे बोलावणे आपल्यासाठी आहे असे वाटले असेल का? तिला बोलवायचे असेल तर मोहिमेची वाट पाहायलाही नको. ती स्वतःहून येतेच आहे. फक्त ती त्वचेच्या खिडकीवर येते, आणि त्या खिडकीवर तिची साखर कोणी पाहत नाही.

अशा मुलीबरोबर बहुधा आई आलेली असते. मुलीची मान पाहण्यासाठी ओढणी बाजूला करायला सांगितली की आई म्हणते, “अहो डॉक्टर, हे आमच्या घरातच आहे, माझीही मान अशीच.” आणि पदर सरकवून दाखवते. आईचे वय पंचेचाळीस-पन्नास, साखर कधीच तपासलेली नसते. अशा वेळी मुलीचा केसपेपर बाजूला ठेवून आईचाही काढायचा असतो.